दुसरी प्रत म्हणजे कालची प्रत नव्हे

संगणक-यंत्रणा विकणारे आणि विकत घेणारे, दोघांच्याही तोंडी आज एक मत सर्रास ऐकू येते. डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे या धंद्याच्या बोलीतली डीआर, ही टेपच्या रिळांच्या काळातली गरज होती, असे हे मत. तेव्हा यंत्रे बंद पडत, म्हणून ती पुन्हा उभी करण्याची वेगळी तजवीज करून ठेवावी लागे. आता सगळेच दुहेरी-तिहेरी असते. एक सर्व्हर बसला तर दुसरा क्षणात काम उचलतो. एक डेटा सेंटर अंधारात गेले तर शेजारचे चालू राहते. जी यंत्रणा पडतच नाही, ती उचलण्याची तयारी कशाला? फॉल्ट टॉलरन्स, म्हणजे एखादा भाग बिघडला तरी चालू राहण्याचा गुण, पुरेसा वाढवला की डीआर त्यातच आली. वेगळे डीआर केंद्र, वेगळा बॅकअप, ठरावीक महिन्यांनी होणारा सराव हा जुन्या भीतीपोटी चाललेला खर्च आहे.

हे मत अपुरे आहे एवढे म्हणून मी थांबणार नाही. ते मुळातच चुकीचे आहे. पण ते मांडणारे जाणते आहेत, आणि म्हणून आधी त्यांच्या म्हणण्याला त्याचे सगळे बळ दिले पाहिजे.

पूर्वपक्षाचे पहिले बळ इतिहासाचे. 1974 मध्ये जिमी ट्रेबिग यांनी कॅलिफोर्नियात टँडम कॉम्प्युटर्स ही कंपनी काढली ती एकाच कल्पनेच्या आधारावर : एखादा भाग बिघडला म्हणून बँकेचा संगणक थांबता कामा नये. त्यांच्या ‘नॉनस्टॉप’ यंत्रात प्रोसेसर, वीजपुरवठा, डिस्क यांच्या जोड्या असत आणि एकाचे काम दुसरा अशा बेताने उचली, की काउंटरवरच्या ग्राहकाला त्याचा पत्ताही लागू नये. 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची मांडणी केली आणि स्वस्त डिस्कांच्या जुळणीतून, एखादी डिस्क मेली तरी डेटा शाबूत ठेवता येतो, हे दाखवले. आज ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा 99.999999999 टक्के टिकाऊपणाचे उद्दिष्ट ठेवून बांधलेली आहे. पन्नास वर्षांची ही कमाई आहे. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

दुसरे बळ रोजच्या अनुभवाचे. भूकंप आणि आगी क्वचित येतात. डिस्क, पंखे, केबली, वीजपुरवठ्याची युनिटे रोज कुठे ना कुठे बिघडतात. जे रोज घडते त्यावर पैसा लावावा, हा हिशेब उघड आहे. आणि तिसरे बळ सर्वांत बोचरे आहे. वेळ आली की डीआर चालत नाही, असे हे लोक म्हणतात. डीआर केंद्रावरची आवृत्ती जुनी निघते, पासवर्ड ज्याला ठाऊक तो नोकरी सोडून गेलेला असतो, बॅकअप घेतलेला असतो पण तो उघडत नाही. जे चालत नाही त्यावर खर्च का करायचा?

याहून बळकट पूर्वपक्ष मला मांडता येत नाही. आता तो तपासू.

दुहेरी व्यवस्थेचे सगळे सामर्थ्य एका गुणाकारात आहे. एखादे यंत्र कोणत्याही क्षणी बंद असण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर अशी दोन यंत्रे एकाच क्षणी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि तीन यंत्रे बंद असण्याची दहा लाखांत एक. गुणाकार बिनचूक आहे. पण त्याच्या पोटात एक अट दडलेली आहे : एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी काडीचा संबंध नसावा. संबंध असेल तर गुणाकार करता येत नाही. पूर्वपक्ष हा गुणाकार मोठ्या आत्मविश्वासाने करतो. अट पाळली गेली आहे का, हे तो विचारत नाही.

4 जून 1996 रोजी एरियान-5 रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिशा सांगणारे दोन संगणक होते. एक चालू, दुसरा त्याच्या जागी उभा राहायला सज्ज. दोन्हींत प्रोग्रॅम एकच. 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसेना म्हणून राखीव संगणक थांबला, आणि क्षणार्धात मुख्य संगणकही त्याच कारणाने थांबला. उड्डाणाला पुरती चाळीस सेकंदे झाली नव्हती, तोवर रॉकेट नष्ट झाले. दोन्ही यंत्रे धडधाकट होती. दोघांनी एकच चूक इमानाने केली, एवढेच. शक्यतेचा गुणाकार तिथे कोणाच्या उपयोगी पडला?

रॉकेटची गोष्ट व्यापाराला लागू नाही, असे कोणी म्हणेल. मग व्यापारातलीच घेऊ. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम मार्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या संगणकावर प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर कंपनीने जगभर पसरवले होते, आणि ते सतत एकमेकांशी नोंदी जुळवून घेत. फॉल्ट टॉलरन्सच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी रचना. त्यांतले दहा बंद पडले, वीस पडले, तरी काम अडू नये. पण सगळे एकदम पडतील, हे कोणी धरले नव्हते. आणि ते एकदमच पडले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. अँडी ग्रीनबर्ग यांनी 2018 मध्ये ‘वायर्ड’ मासिकात ही हकिगत तपशिलाने लिहिली आहे. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमन स्नाबे यांनी दावोसला सांगितले. या तडाख्यातून आपल्या न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही सुटले नाही.

जोडलेल्या दीडशे प्रतींना जे साधले नाही, ते तुटलेल्या एका प्रतीने साधले. तुटलेली प्रत ही फॉल्ट टॉलरन्सच्या दृष्टीने बिघाड असते. डीआरच्या दृष्टीने तीच ठेव. मार्स्कला ती दैवाने मिळाली. डीआर ती ठरवून करून ठेवते.

जागेचेही तेच. दोन केंद्रे वेगवेगळ्या इमारतींत आहेत म्हणजे ती स्वतंत्र झाली, हा समज फार पसरला आहे. 10 मार्च 2021 च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, दुसरीचा काही भाग गेला, आणि उरलेल्या दोन शाबूत असूनही बंद कराव्या लागल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्या हाती काही राहिले नाही. आपल्याकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरे दाटीने उभी आहेत. 12 ऑक्टोबर 2020 रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे मोठे भाग एकदमच अंधारात गेले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. जनरेटर असतात, पंप असतात, हे मान्य. पण ज्यांचे पाणी, वीज, रस्ते आणि डिझेलचे टँकर एक, त्या दोन इमारतींच्या बिघाडांचा गुणाकार कोणत्या आधारावर करायचा?

आता दुसऱ्या बळाकडे वळू, म्हणजे रोजच्या बिघाडांच्या हिशेबाकडे. इथे मी जो साक्षीदार उभा करतो, तो पूर्वपक्षाच्याच घरातला आहे. टँडममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी 1985 मध्ये, संगणक का थांबतात या प्रश्नावर एक निबंध लिहिला. आपल्याच कंपनीची यंत्रे ग्राहकांकडे कशामुळे बंद पडली, याची त्यांनी छाननी केली. हार्डवेअरच्या बिघाडाचा वाटा निघाला सुमारे 18 टक्के. सॉफ्टवेअरचा सुमारे 25. आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसांच्या कामाचा, म्हणजे चुकीचा आदेश, चुकीची जोडणी, देखभालीतली गफलत यांचा, सुमारे 42. जगातल्या सर्वांत दणकट यंत्रांची ही गोष्ट आहे हे ध्यानात घ्या. यंत्रे दणकट होती म्हणूनच यंत्राच्या बिघाडाचा वाटा एवढा घटला होता. फॉल्ट टॉलरन्स जितका यशस्वी होईल, तितका उरलेल्या संकटांत माणसाच्या आणि प्रोग्रॅमच्या चुकीचा वाटा वाढणार. ‘रोज डिस्का बिघडतात’ हे खरे. पण त्यांची व्यवस्था तर केव्हाच झाली आहे. ज्यामुळे धंदा आडवा होतो ते आता दुसरेच काही असते, आणि ते काय असते हे पाहिले की वादाच्या गाभ्याशी आपण येतो.

रेप्लिकेशन काय करते? मुख्य ठिकाणी जे घडले ते तसेच्या तसे, शक्य तितक्या लवकर, दुसऱ्या ठिकाणी घडवते. हाच त्याचा गुण. आता मुख्य ठिकाणी चूक घडली तर? एकच मुनीम एकाच वेळी दोन चोपड्या लिहीत असेल, तर त्याने मांडलेला चुकीचा आकडा दोन्ही चोपड्यांत सारख्याच सुबक अक्षरात उतरेल. पान हरवले तर दुसरी चोपडी कामाची. आकडाच चुकला तर दोन्ही सारख्याच निरुपयोगी. रेप्लिकेशन योग्य-अयोग्य पाहत नाही, त्याने पाहूही नये. पाहू लागले तर ते रेप्लिकेशन राहणार नाही. पुसण्याचा आदेश हासुद्धा त्याच्या लेखी आदेशच.

मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीचे काय झाले ते पाहा. सभासद सहा लाखांहून अधिक. यंत्रणा गुगल क्लाउडवर, दुहेरी, दोन ठिकाणी विभागलेली. पूर्वपक्ष जी रचना निर्धास्तपणे पुरेशी मानतो, नेमकी तीच. आधी कधी तरी त्यांची खासगी क्लाउड उभारताना गुगलच्या एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ साधनाने एक वर्षाची मुदत असा लावला. मुदत संपली, आणि यंत्रणेने ती खासगी क्लाउड नियमाप्रमाणे पुसून टाकली. एका ठिकाणची प्रत पुसली जात असताना दुसऱ्या ठिकाणची प्रत वाचली का? नाही. दोन्ही ठिकाणांहून ती गेली, हे युनिसुपर आणि गुगल क्लाउड यांच्या प्रमुखांनी संयुक्त निवेदनात लिहून दिले. सभासदांना आठवडाभर आपली खाती पाहता येईनात.

इथे काय बिघडले होते? डिस्क नाही, वीज नाही, केबल नाही. एकही यंत्र बंद पडले नव्हते. प्रत्येक भागाने आपले काम चोख केले, आणि त्या चोख कामातून सगळे पुसले गेले. फॉल्ट टॉलरन्स इथे अपयशी झालाच नाही. त्याला सहन करण्याजोगा दोषच समोर आला नाही. मग निधी परत उभा कशावर राहिला? दुसऱ्या पुरवठादाराकडे आणि वेगळ्या साठवणसेवेत ठेवलेल्या बॅकअपवर. म्हणजे पूर्वपक्ष ज्याला जुन्या भीतीपोटी चाललेला खर्च म्हणतो, त्याच्यावर. हे एक उदाहरण मी वाचकांपुढे ठेवतो आणि विचारतो : दोन ठिकाणांऐवजी चार ठिकाणे असती, तर निकाल वेगळा लागला असता का?

एस-थ्रीच्या अकरा नवांचा अर्थही इथे नीट समजून घ्यावा. तो टिकाऊपणा साठवलेली वस्तू यंत्राच्या दोषाने नाहीशी होऊ नये यासाठी आहे. मालकाच्या नावाने आलेला पुसण्याचा आदेश ती सेवा तितक्याच भरवशाने पाळील. तिच्यात जुन्या आवृत्त्या राखण्याची वेगळी सोय आहे. पण ती आपण चालू करावी लागते, आणि चालू केली म्हणजे डीआरचाच पहिला धडा गिरवला.

फॉल्ट टॉलरन्सला वर्तमान क्षण जपायचा असतो. डीआरला भूतकाळ जपायचा असतो. वर्तमानच बिघडला असेल तर तो कितीही ठिकाणी जपून काय उपयोग?

यावर अधिक जाणता प्रतिपक्षी म्हणतो : ठीक, मग एकाच रचनेत दोन्ही बसवू. प्रती पुरेशा दूर ठेवू, त्या सतत जुळवत राहू, आणि वेगळ्या डीआरचा विषय संपवू. इथे आडवे येते पदार्थविज्ञान. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या थोडे वर. निरोप जाऊन पोच यायला, वाटेत एकही उपकरण नाही असे धरले तरी, दहा मिलिसेकंदे लागणारच. दोन्ही ठिकाणी लिहिले गेल्याशिवाय व्यवहार पुरा मानायचा नाही, असे ठरवले तर प्रत्येक व्यवहारावर हा कर बसतो. शेअर बाजारात, जिथे मायक्रोसेकंदांसाठी लोक आपले सर्व्हर बाजाराच्या शेजारी आणून ठेवतात, तिथे हे चालणार नाही. पोचेची वाट न पाहता पुढे जायचे ठरवले, तर ऐन संकटात शेवटचे काही व्यवहार दूरच्या प्रतीत नसतील. प्रती जवळ ठेवाव्यात तर आग-पूर दोघींना एकदम गाठतात. दूर ठेवाव्यात तर त्या क्षणाक्षणाला जुळत नाहीत. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारसंस्थांना डीआर केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात, ते न जमल्यास किमान 500 किलोमीटर दूर ठेवायला सांगितले आहे, आणि त्याशिवाय जवळचे एक केंद्रही ठेवायला लावले आहे. एकाच केंद्राने दोन्ही कामे होत असती, तर दोन केंद्रांचा आग्रह कशाला धरला असता?

दूरच्या प्रतीवर आपोआप उडी मारणारी यंत्रणा बसवली की भागेल, असेही म्हणतात. प्रोग्रॅम साठवणाऱ्या गिटहब या सेवेचा अनुभव त्यांनी वाचावा. 21 ऑक्टोबर 2018 रोजी देखभालीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे त्यांचे एक केंद्र जाळ्यापासून तुटले. किती वेळ? 43 सेकंद. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींना मुख्य ठरवून टाकले. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. त्या निस्तरायला, सेवा पूर्ववत व्हायला, 24 तास 11 मिनिटे लागली. गिटहबने घाईने सेवा सुरू करण्यापेक्षा डेटा खरा ठेवण्याला प्राधान्य दिले, म्हणून वेळ लागला. ते योग्यच केले. पण यंत्राने 43 सेकंदांच्या तुटीचा निकाल लावला आणि त्याची किंमत एक अख्खा दिवस झाली.

म्हणून आपत्ती जाहीर करणे हा निर्णय आहे. तो घ्यावा लागतो, आणि कोणी तरी नाव घेऊन घ्यावा लागतो. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात हेच कसाला लागले. दूरसंचाराचे दुवे दोन कंपन्यांचे होते. दोन्हींचे दुवे डळमळले, आणि रस्त्यालगतचे खोदकाम त्यामागे होते. पाठोपाठ साठवणयंत्रणेने अनपेक्षित वर्तन केले आणि जोखीम सांभाळणारी प्रणाली हाताबाहेर गेली. व्यवहार नोंदवणारी प्रणाली मात्र चालूच होती! फॉल्ट टॉलरन्सच्या मापाने पाहिले तर मुख्य यंत्र उभे होते. सकाळी 11.40 ला व्यवहार थांबवावे लागले आणि ते सुरू झाले दुपारी पावणेचारला, नेहमीची वेळ टळून गेल्यावर. त्या दिवशी बाजार चेन्नईच्या डीआर केंद्रावर नेला गेला नाही. ‘आता सुरू होईल’ अशा आशेवर तास जातात, आणि आपत्ती हा शब्द कोणी उच्चारत नाही, ही परिस्थिती यंत्रणा चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे.

सेबीने पुढच्याच महिन्यात काय केले? आणखी दुवे जोडा, आणखी साठवण घ्या, एवढे सांगून ती थांबली नाही. तिने घड्याळ लावून दिले. महत्त्वाची प्रणाली अडली तर 30 मिनिटांच्या आत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची. जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत काम पुन्हा उभे करायचे. आणि 15 मिनिटांपेक्षा अधिक काळाचा डेटा हरवता कामा नये. यातला पहिला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो यंत्राला उद्देशून नाही. तो माणसाला उद्देशून आहे, आणि दुहेरी सर्व्हरांच्या कोणत्याही आराखड्यात त्याला जागा नसते.

प्रती पुसण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा मुद्दा याहून थोडक्यात सांगता येईल, कारण त्याचे उदाहरण स्वतःच पुरेसे आहे. जून 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण-फलकाचा ताबा एका खंडणीखोराने मिळवला. कंपनीने तो परत घेण्याचा प्रयत्न करताच त्याने सर्व्हर, साठवण आणि बॅकअप यांतले बहुतेक पुसले. बॅकअप होते, पण ते त्याच किल्लीने उघडत होते. कंपनी तिथेच संपली. प्रती किती आहेत हे मोजणाऱ्यांनी किल्ल्या किती आहेत हेही मोजावे. सगळ्या प्रती एका किल्लीने पुसता येत असतील तर ती एकच प्रत आहे.

राहिले तिसरे बळ : वेळेला डीआर चालत नाही. हे मी नाकारत नाही. याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा गिटलॅब कंपनीने स्वतःहून जगापुढे ठेवला. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेसची फोल्डर पुसायला घेतली. चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला तेव्हा सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. दुय्यम सर्व्हर आधीच रिकामा केलेला. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे कित्येक दिवस घेतलाच जात नव्हता, आणि तो होत नसल्याचे इशारे देणाऱ्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. क्लाउडवरचे स्नॅपशॉट या सर्व्हरांसाठी चालूच केलेले नव्हते. पाच उपाय कागदावर, भरवशाचा एकही नाही. तारले ते एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेल्या स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतले काम मात्र कायमचे गेले.

पूर्वपक्ष यावरून निष्कर्ष काढतो की डीआर सोडून द्या. पण कंपनीला वाचवले कशाने? मागच्या एका क्षणाच्या वेगळ्या प्रतीने. तशी प्रत ठेवणे हेच तर डीआरचे काम. फरक एवढाच की ती योगायोगाने हाती होती. न तपासलेला बॅकअप चालत नाही, यातून तपासा असे निघते. टाकून द्या असे कसे निघेल? आणि तपासल्यावर डीआर चालते याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2 मार्च 2024 हा शनिवार होता. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजाराने खास सत्र भरवले : पहिला भाग मुख्य केंद्रावरून, दुसरा डीआर केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे व्यवहार. 18 मेच्या शनिवारी पुन्हा तेच. तीन वर्षांपूर्वी जे झाले नव्हते, ते दोनदा करून दाखवले. त्यासाठी लागला सराव, आणि सराव करायला भाग पाडणारा नियामक.

खर्चाचा प्रश्न सर्वांत शेवटी घेतो, कारण तो सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. दक्षिण कोरियाच्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ ही सामायिक साठवण होती. कामाची कागदपत्रे स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथे ठेवा, असा शिरस्ता होता. तिचा आकार एवढा मोठा आणि रचना अशी, की बाहेर बॅकअप ठेवणे शक्य नाही असे मानले गेले. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉन शहरातल्या राष्ट्रीय डेटा केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारच्या 709 प्रणाली थांबल्या. जी-ड्राइव्हवरचा 858 टीबी डेटा गेला, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बॅकअप परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की तो डेटा पुन्हा निर्माण करायला किती खर्च येईल. अनेक बाबतींत उत्तर रुपयांत देताच येत नाही, कारण तो कोणत्याही किमतीला पुन्हा निर्माण होत नाही. सगळ्याच प्रणालींना चेन्नईसारखे पूर्ण केंद्र लागत नाही, हे मीही म्हणेन. लहान सहकारी बँकेला किंवा कारखान्याला रोजची, वेगळ्या ठिकाणची, वेगळ्या किल्लीची, दर तिमाहीला उघडून पाहिलेली प्रत पुरते. तिचा खर्च दुसऱ्या सर्व्हरच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच असतो.

शेवटी प्रतिपक्षाला एक सरळ आव्हान देतो. त्यावर वाचकांनीच निवाडा करावा. यंत्रणा हवी तेवढी दुहेरी, तिहेरी, दहापदरी बांधा. केंद्रे हवी तेवढी घ्या, खर्चाची मर्यादा नाही. अट एकच : मागच्या काळाची वेगळी प्रत ठेवायची नाही. आता सकाळी अकरा वाजता, पूर्ण अधिकार असलेल्या माणसाकडून, रीतसर प्रवेश केलेल्या संगणकावरून, ग्राहकांच्या खात्यांची नोंदवही पुसण्याचा आदेश गेला. 10 वाजून 59 मिनिटांची नोंदवही परत आणून दाखवा. ज्या दिवशी कोणी ती आणून दाखवील, त्या दिवशी मी माझा पक्ष मागे घेईन. तोवर निविदेतला डीआरचा रकाना कोणी खोडू नये.